शुगर, बीपी आणि घरातले नुस्खे : काय उपयोगाचं, काय धोक्याचं

आपल्यापैकी बऱ्याच घरांत फ्रीजवर किंवा टीव्हीशेजारी एक प्लास्टिकचा डबा असतो. त्यात अब्बांच्या बीपीच्या गोळ्या आणि अम्मींच्या शुगरच्या गोळ्या असतात. त्याच्याच बाजूला एक काचेची बरणी असते. तिच्यात मेथी, कलौंजी आणि जांभळाच्या बिया कुटून केलेली पूड असते. डबा डॉक्टरांनी दिलेला, बरणी खालाने किंवा शेजारच्या भाभींनी सांगितलेली. या दोघांपैकी कोणाचं काम काय, हे मात्र घरात कोणी नीट सांगत नाही.

आमच्या मोठ्या चाचांनी तीन वर्षांपूर्वी डबा बंद केला आणि बरणी चालू ठेवली. मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता : चाळीस दिवसांत शुगर मुळासकट जाईल, गोळ्या फेकून द्या. पहिले दोन महिने त्यांना बरं वाटत होतं, म्हणून रक्त तपासायची गरज कोणाला वाटली नाही. चौथ्या महिन्यात चप्पल घासून पायाला जखम झाली. ती दुखत नव्हती, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंही नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर चारशेच्या पुढे होती आणि पायाचा अंगठा काढावा लागला. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, घरात शिकलेली माणसं आहेत, तरी हे आमच्याच घरात घडलं.

म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही. जे वाचलं, आणि डॉक्टरांना व हकीमसाहेबांना विचारून जे समजून घेतलं, ते एका जागी मांडतो आहोत.

शुगर म्हणजे नेमकं काय?

भाकरी, भात, पाव, साखर, फळं या सगळ्यांचं पोटात पचन होऊन ग्लुकोज तयार होतं आणि ते रक्तात येतं. रक्तातून ते पेशींमध्ये जाण्यासाठी इन्सुलिन लागतं. हे इन्सुलिन जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात (उर्दूत ज्याला लबलबा म्हणतात) तयार होतं. इन्सुलिन कमी पडलं, किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं, की ग्लुकोज रक्तातच साचून राहतं.

याचे मुख्य प्रकार दोन. टाइप १ मध्ये इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा प्रकार बहुधा लहान किंवा तरुण वयात सुरू होतो आणि त्यात इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावंच लागतं. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. तेव्हा टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्याचं काहीही ऐकू नये, मग तो कितीही मोठा माणूस असो. टाइप २ हा मोठ्या वयात होणारा, आपल्याकडे घरोघरी दिसणारा प्रकार. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. खानदानात कोणाला असणं, पोटावरची चरबी आणि हालचालीचा अभाव ही त्याची मोठी कारणं.

आजार नवा नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मधुमेहाचं वर्णन आहे. युनानी तिबमध्ये त्याला जियाबेतस शकरी म्हणतात. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात या रुग्णांच्या लघवीतल्या गोडव्याची नोंद करून ठेवली आहे. आज मात्र याचं प्रमाण फार वाढलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीत दर तीन प्रौढांपैकी साधारण एकाला उच्च रक्तदाब आढळला.

रिपोर्ट कसा वाचायचा?

रिपोर्ट हातात आला की आपण तो घडी घालून पिशवीत ठेवतो. तो वाचायला शिका. हे आकडे फ्रीजवर चिकटवून ठेवता येतील.

- उपाशीपोटी साखर : १०० पेक्षा कमी असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी : १४० पेक्षा कमी ठीक. २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एचबीएवनसी : ५.७ पेक्षा कमी ठीक. ५.७ ते ६.४ उंबरठा. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- रक्तदाब : दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त येत असेल तर उच्च रक्तदाब.

एचबीएवनसी ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी मिठाई बंद केली तरी तिला फसवता येत नाही. कोणताही नुस्खा लागू पडतो आहे की नाही, हे पाहण्यासाठी घरच्या माणसाच्या हातात यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर ठेवा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, सिगारेट काही नको. जिने चढून धापा टाकत गेलात आणि लगेच मोजलं तर आकडा जास्त येणारच.

'मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?'

हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकला आहे. बीपीचा बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. शुगर वाढली तर तहान, वारंवार लघवी, थकवा जाणवतो, पण दीडशे-दोनशेच्या शुगरची शरीराला सवय होऊन जाते. या काळात आत डोळ्यांचा पडदा, किडनी, हृदय, मेंदू आणि पायांच्या नसा यांना इजा होत राहते. चाचांची जखम दुखली नाही, कारण पायाची संवेदना आधीच गेली होती. 'बरं वाटतंय' यावर विसंबून औषध सोडायचं नाही, ते याच कारणाने.

बरणीतल्या वस्तू, एक एक करून

आम्ही नुस्ख्यांच्या विरोधात नाही. आमच्या दादी मेथीदाणे भिजवून खात आणि आम्हीही खातो. पण प्रत्येक वस्तूचं काम किती, हे माहीत हवं.

मेथीदाणे : यावर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीचे प्रयोग झाले आणि साखर काही प्रमाणात कमी होते असं दिसलं. मेथीतला चिकट तंतू जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. मात्र त्या प्रयोगांत मेथीची मात्रा रोज २५ ग्रॅम आणि त्याहूनही जास्त होती, म्हणजे चिमूटभर नव्हे. एक चमचा भिजवलेली मेथी खायला हरकत नाही, पण तिच्याकडून गोळीचं काम होण्याची अपेक्षा ठेवू नये. गरोदर बाईने मोठ्या मात्रेत मेथी खाऊ नये.

कारलं : भाजी म्हणून उत्तम. औषध म्हणून मात्र माणसांवर झालेल्या अभ्यासांत खात्रीचा फायदा दिसून आलेला नाही. शुगरच्या काही गोळ्यांवर असताना रोज पेलाभर रस प्यायल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते.

कलौंजी : हदीसमध्ये कलौंजीची तारीफ आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. आजार आला तर इलाज करून घ्या, ही शिकवणही हदीसमध्येच आहे, तिची आठवण मात्र कमी काढली जाते. सौदी अरेबियात २०१० च्या सुमारास ९४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यात रोज २ ग्रॅम कलौंजी घेणाऱ्यांची एचबीएवनसी तीन महिन्यांत कमी झाली. व्हिडिओवाले इथपर्यंत सांगतात. पुढची गोष्ट ते गाळतात : त्या रुग्णांच्या डॉक्टरी गोळ्या चालूच होत्या. कलौंजी गोळीच्या सोबत दिली होती.

जांभूळ आणि गुडमार : जांभळाच्या बियांवरचं बरंचसं काम प्राण्यांवर झालेलं आहे. गुडमारचं पान चावलं की जिभेला काही वेळ गोड चव कळत नाही, साखर खाल्ली तर वाळूसारखी लागते. त्यामुळे गोड खाण्याची इच्छा कमी होते. पण जीभ फसली तरी रक्तातली साखर तेवढ्याने उतरत नाही.

दालचिनी : बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं. रोज चमचे भरून घेतल्यास ते काही लोकांच्या यकृताला त्रास देतं. बिर्याणीत, चहात घालतो तेवढी ठीक.

मध, गूळ, खजूर : मध शिफा आहे यावर आमचा ईमान आहे. पण शुगरवाल्याच्या हिशेबात मध ही साखरच आहे. एका मोठ्या चमच्यात साधारण १७ ग्रॅम. गुळात थोडं लोह वगैरे असतं, बाकी साखर. लहान खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर असते, मोठ्या मेदजूल खजुरात पंधराच्या वर. 'नैसर्गिक आहे' म्हणून रक्त त्याला वेगळा हिशेब लावत नाही.

लसूण : बीपी थोडंसं कमी करू शकतो. पण हृदयाच्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुठीने लसूण खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन ठरलं असेल तरीही सांगा.

मुलेठी : ही फार थोड्या लोकांना माहीत असलेली गोष्ट. खोकल्यासाठी आपण मुलेठी चघळतो, जोशांद्यातही ती असते. रोज आणि जास्त खाल्ल्यास मुलेठी बीपी वाढवते आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करते. बीपीच्या माणसाने ती आठवडेच्या आठवडे घेऊ नये.

दुधीचा रस : चव कडू लागली तर तिथेच थुंकून टाका. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झाले आहेत.

सैंधव मीठ : तेही मीठच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण नको. लोणचं, पापड, सुकट, बोंबील, फरसाण यांतलं मीठही यातच धरायचं. कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते किडनीच्या रुग्णाने विचारल्याशिवाय वापरू नये.

असरोलची गोष्ट

जडीबुटीपासून खरं औषध कसं होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच मुलखातलं आहे. मराठीत जिला सर्पगंधा म्हणतात, तिलाच युनानीत असरोल आणि उत्तरेत छोटा चाँद म्हणतात. या झाडाचं मूळ हकीम आणि वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे हकीम अजमल खान यांना वाटे की आपल्या औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी. त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हे काम दिलं. अजमल खान १९२७ मध्ये वारले. १९३१ साली सिद्दीकींनी असरोलच्या मुळातून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला आपल्या हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिलं.

पुढचा टप्पा मुंबईत झाला. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या ५० रुग्णांना हे मूळ देऊन, रोजचे आकडे नोंदवून, १९४९ साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. सगळ्या जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पीन हे द्रव्य मिळालं आणि ते बीपीच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक ठरलं. मग त्याचे दोषही कळले : काहींना उदासी येई, नाडी मंद होई, नाक चोंदे. चांगली औषधं आल्यावर त्याचा वापर कमी झाला.

शुगरची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन हिचं मूळही युरोपातल्या एका जंगली झाडातल्या द्रव्यापर्यंत जातं. म्हणजे गोळी आणि जडीबुटी यांचं वैर नाही. गोळीत मात्रा ठरलेली असते, ती हजारो लोकांवर तपासलेली असते आणि तिचे दोष लिहून ठेवलेले असतात. बरणीतल्या पुडीचं असं काहीच लिहिलेलं नसतं. आजही बाजारातली सर्पगंधेची पूड बीपीच्या गोळीसोबत मनाने घेतली तर बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं.

जाहिराती आणि पुड्या

'शुगर कायमची बरी' अशी जाहिरात करणं कायद्याने गुन्हा आहे. १९५४ च्या जादुई उपचार कायद्याच्या यादीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. तरी बाजाराच्या दिवशी पाल टाकून बसलेले आणि मोबाईलवरचे 'हकीम' ते करतातच. पदवीधर, नोंदणी असलेला हकीम किंवा वैद्य असं बोलत नाही. आमच्या ओळखीचे हकीमसाहेब पहिल्यांदा रक्ताचा रिपोर्ट मागतात.

बिननावाच्या पुड्यांत शुगरची ॲलोपॅथिक गोळी कुटून मिसळलेली सापडल्याच्या घटना आहेत. गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलं आहे, आणि स्टेरॉइडने शुगर व बीपी दोन्ही वाढतात. भस्म असलेली औषधंही कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत, नीट न बनलेल्या भस्मात शिसं-पारा राहतो आणि किडनीवर येतं.

रमजानमध्ये काय करायचं?

रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा आणि रोजे ठेवायचे आहेत हे स्पष्ट सांगा. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा सहरी-इफ्तारप्रमाणे बदलाव्या लागतात. तो बदल स्वतः करू नका. टाइप १ चे रुग्ण, गरोदर स्त्रिया, किडनीचा आजार असलेले, ज्यांची साखर वरचेवर खाली जाते असे, यांना रोजा धोक्याचा ठरू शकतो. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे. ती घेताना शरम वाटण्याचं कारण नाही. कजा किंवा फिदिया यांचा मसला आपल्या आलिमसाहेबांना विचारावा.

बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे. तेव्हा तपासायला घाबरू नका. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडायला हवा असं तज्ज्ञ सांगतात. इफ्तारला एक खजूर, पाणी आणि थोडं थांबून जेवण. सरबत, भजी, जिलेबी यांचा दस्तरखान बाकीच्यांसाठीही कमीच बरा.

घरी रोज काय करायचं?

- ताटाचा अर्धा भाग भाजी-सॅलड, पाव भाग डाळ, अंडं, मासा किंवा चिकन, पाव भाग भाकरी किंवा भात. बिर्याणी बंद करायची गरज नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका.
- आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भराभर चालणं. मशीद जवळ असेल तर स्कूटर घरी ठेवा. घरातल्या बायकांचं चालणं घरकामात धरू नका, त्यांनाही वेगळा अर्धा तास द्या.
- तंबाखू, मिसरी, गुटखा, सिगारेट बंद. शुगर-बीपी असताना यांनी हृदयाचा आणि पायांचा धोका वाढतो.
- रोज रात्री पाय बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा मुलांना बघायला सांगा. वुजू केल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. अनवाणी फिरू नका.
- वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, किडनी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या.
- एक वही करा. तारीख, साखर, बीपी, चालू गोळ्या आणि चालू नुस्खा. डॉक्टरांना ही वही दाखवा, नुस्ख्याचं पान लपवू नका.

गोळ्या महाग पडतात म्हणून बऱ्याच घरांत दिवसाआड घेतल्या जातात. असं करण्याआधी सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथे तीस वर्षांवरील सर्वांची शुगर-बीपी तपासणी मोफत होते आणि नेहमीच्या गोळ्याही मिळतात. जन औषधी केंद्रातही त्याच औषधाच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त असतात.

वाट पाहू नका अशा वेळा

- घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं : साखर खाली गेली असण्याची शक्यता. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, मधही चालेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.
- तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, जीभ अडखळणं : पक्षाघात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडतं.
- छातीत दाब, दम लागणं, खूप उलट्या, पायाची काळी पडलेली किंवा वास येणारी जखम.

अशा वेळी १०८ ला फोन करा. फुंकर, लेप, कोणाला तरी विचारून बघू, हे नंतर. दुआ वाटेत करता येते.

आमचे चाचा आता डबा आणि बरणी दोन्ही वापरतात. सकाळी गोळी, जेवणात एक चमचा मेथी. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी होते आणि ती वहीत लिहिण्याचं काम त्यांच्या सातवीतल्या नातीकडे आहे. मागच्या वेळी आकडा ७.१ आला. ती म्हणाली, 'दादा, अजून थोडं.' आज संध्याकाळी तुमच्या घरातल्या डब्याजवळ जा, अम्मी-अब्बांची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. तारीख आठवत नसेल तर उद्याच घेऊन जा.